शेळीला का झालं नाही?

वैजनाथ गुरुजींच्या हिरड्यांतून रक्त येतंय, हे आरतीला त्यांनी स्वतः कधीच सांगितलं नसतं. सांगितलं शेजारच्या लंकाबाईनं.

"पोरी, गुरुजी लई वाळलं गं," लंकाबाई फोनवर म्हणाली. "भाकर चावंना त्यांला. टावेलाला रगत दिसलं मला. इचारलं तर म्हनले, बरश जोरात लागला. बरश रोजच लागतो व्हय?"

आरती पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करत होती. वानर आणि माकडांच्या विष्ठेतून डीएनए काढायचा, त्याची अक्षरं वाचायची आणि कुठली टोळी कुठल्या टोळीची किती जवळची ते शोधायचं, असं तिचं काम. रोज संध्याकाळी ती वडिलांना फोन करायची. ते "मी ठणठणीत" म्हणायचे आणि तिच्या कामाची चौकशी करत बसायचे. त्या दिवशी मात्र तिनं चौकशीला वावच दिला नाही. दुपारची एसटी धरून ती श्रीगोंद्याला उतरली आणि तिथून रिक्षानं गावाकडे आली.

गुरुजी ओट्यावर बसले होते. उठताना त्यांनी खांबाला धरलं. धोतर जरा वर सरकलं तेव्हा आरतीला त्यांच्या पोटरीवर मोठा काळानिळा डाग दिसला.

"पडलात का कुठं?"

"नाही गं. आपोआप उठलाय."

"आणि हा हात?"

कोपराजवळ तसाच डाग होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना घेऊन नगरला निघाली. शहराचं नाव बदललं असलं तरी कंडक्टर अजून नगरच म्हणत होता. वाटेत गुरुजी खिडकीला डोकं टेकून झोपले. एवढ्याशा प्रवासात ते कधी झोपत नसत. शाळेच्या सहलीत सगळी गाडी पेंगली तरी हे जागे राहून मुलांची डोकी मोजायचे.

दवाखान्यातले मोठे डॉक्टर शांतपणे बोलले, पण आरतीला जे ऐकायचं नव्हतं तेच बोलले. रक्त कमी आहे, अंगावर डाग आहेत, हिरड्या सुजल्यात. रक्ताचा कर्करोग नाही ना, हे पाहावं लागेल. हाडातला मगज काढून तपासायला पाठवू.

गुरुजींनी ते ऐकलं आणि चष्मा काढून पुसला. "किती दिवसांत निकाल येईल?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुपारी एक तरुण डॉक्टरीण त्यांना तपासायला आली. तिनं टॉर्च लावून त्यांच्या पायाची कातडी बराच वेळ न्याहाळली. मग आरतीला जवळ बोलावलं. एकेका केसाच्या मुळाशी रक्ताचा बारीक ठिपका होता, आणि केस सरळ न वाढता स्प्रिंगसारखा पिळून वाढला होता.

"आजोबा, जेवता काय तुम्ही?"

"साधं जेवतो. मुगाची खिचडी, दूध-भाकरी. चहा-बिस्किटं."

"भाजी?"

"भाजीनं पोट बिघडतं."

"फळ? लिंबू?"

"आंबट तर केव्हाच सोडलं. ॲसिडिटी होते."

"कधीपासून?"

गुरुजींनी आरतीकडे पाहिलं. "हिची आई गेली तेव्हापासून."

पुष्पावतीबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. डॉक्टरणीनं केसपेपरवरचा पत्ता पाहिला. "श्रीगोंद्याचे ना तुम्ही? तिकडं तर लिंबाच्या बागाच बागा."

"दारातच आहे बाग," आरती म्हणाली. "व्यापारी येऊन तोडून नेतो."

"मोठे डॉक्टर म्हणतात ती तपासणी करूच. पण मला वाटतंय हा स्कर्व्ही आहे. क जीवनसत्त्व आजपासूनच सुरू करते, निकालाची वाट बघायचं कारण नाही."

गुरुजी आडवे पडले होते ते कोपरावर उठले. आयुष्यभर त्यांनी गणित आणि विज्ञान शिकवलं होतं. क जीवनसत्त्वाच्या अभावी कोणता रोग होतो, एका शब्दात उत्तर लिहा, एक गुण. हा प्रश्न त्यांनी स्वतः किती वेळा काढला असेल आणि किती उत्तरपत्रिकांत तपासला असेल, त्याचा हिशेब नव्हता. ढ मुलांनाही तो गुण मिळायचा.

"आणि मला आला नाही," ते म्हणाले, आणि आल्यापासून पहिल्यांदा हसले. हिरड्या दुखल्या म्हणून लगेच तोंड मिटून घेतलं.

मगजाचा निकाल चांगला आला. रक्तातलं क जीवनसत्त्व मात्र जवळजवळ नव्हतंच. पण त्याआधीच दोन दिवसांत ते आधाराशिवाय चालायला लागले होते, आणि गावी परतल्यावर दुसऱ्या आठवड्यात भाकरीचा पापुद्रा चावून खाताना लंकाबाईनं त्यांना पाहिलं. आरतीनं रजा वाढवून घेतली होती. ती त्यांना रोज कोशिंबीर, पेरू, लिंबाचं सरबत द्यायची, आणि ते शाळकरी मुलासारखे मुकाट्यानं घ्यायचे.

प्रश्न निघाला तो शेळीपायी.

दारात हरणी नावाची शेळी होती. पुष्पावतीबाईंनी वाढवलेली. त्या सकाळी लंकाबाई तिला कडबा टाकत होती आणि गुरुजी ओट्यावरून बघत होते.

"लंकाबाई, हिला हिरवं कधी घातलंत शेवटचं?"

"हिरवं कुठलं आनू? दिवाळीपासनं कडबाच हाय. पन बगा कशी हाय, शिंगं मारतीया."

गुरुजी आत आले. "आरती, मी खिचडी खाल्ली, तिनं वाळका कडबा खाल्ला. क जीवनसत्त्व मलाही मिळालं नाही, तिलाही नाही. मी मरायला टेकलो. शेळीला का झालं नाही?"

आरती काकडी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली. एरवी ती हेच काम करायची, पण वडिलांच्या आजाराशी त्याची सांगड घालायचं तिला सुचलं नव्हतं.

"तिला खावंच लागत नाही, आबा. ती क जीवनसत्त्व यकृतात स्वतः बनवते. कुत्रा बनवतो, गाय बनवते, उंदीर बनवतो."

"आणि माणूस?"

"माणसाला येत नाही. बनवण्यातलं शेवटचं काम करणारं जनुक आपल्यात मोडलेलं आहे."

"नाहीच म्हण ना मग."

"नाही नव्हे, मोडलेलं. अंगात आहे, पण वापरता येत नाही. बरेच तुकडे गेलेत, उरलेल्यांत चुका आहेत."

गुरुजी खुर्ची ओढून बसले. "मोडलेलं आहे हे कशावरून? मुळातच अपुरं असेल."

"शेळीच्या जनुकाशी ताडून पाहायचं. तिचं चालू आहे."

"म्हणजे शेळीची आदर्श उत्तरपत्रिका."

"हो. आणि आपल्यासारखंच मोडलेलं जनुक चिंपांझीत आहे, ओरांगउटानमध्ये आहे, लाल तोंडाच्या माकडातही आहे."

"सारखंच मोडलेलं? की नुसतंच मोडलेलं?"

आरतीला हा प्रश्न फार आवडला. "तुम्हीच तपासा," ती म्हणाली.

तिनं लॅपटॉप उघडला. जगभरातल्या प्रयोगशाळांनी वाचलेली जनुकं सगळ्यांसाठी खुली असतात. त्यातून तिनं त्या जनुकाचा एक छोटासा तुकडा काढला आणि एकाखाली एक ओळी लावल्या. वर शेळी, मग माणूस, चिंपांझी, ओरांगउटान, माकड. चारच अक्षरं, उलटसुलट क्रमानं. गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला, पडद्याजवळ गेले आणि बोट फिरवत वाचायला लागले. मधूनच थांबायचे, मागे यायचे. आरती चहा करायला गेली. परत आली तेव्हा त्यांचं बोट एका जागी टेकलेलं होतं.

"इथं शेळीला एक अक्षर जास्त आहे. खालच्या चौघांनाही ते नाही. जागा तीच."

"तेच गळालंय. अक्षरं तीन-तीनच्या गटानं वाचली जातात; एक गळालं की पुढचं सगळं वाचन सरकतं."

गुरुजींनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. मग म्हणाले, "बोर्डाच्या पेपरला मी एकदा दोन उत्तरपत्रिका धरल्या होत्या. प्रमेयाच्या एकाच पायरीला दोघांनी एकच विचित्र चूक केलेली. बरोबर उत्तर दोघांचं सारखं आलं तर काही म्हणता येत नाही. पण चूक सारखी, तीही अशी वेडीवाकडी, तर संबंध असतोच."

"म्हणजे कॉपी."

"मलाही तेच वाटलं. पण दोघं वेगवेगळ्या गावांत परीक्षेला बसलेले. मग कळलं, दोघांच्या शिकवणीचे मास्तर एकच, आणि चूक त्या मास्तरांनी फळ्यावर केलेली." ते पडद्याकडे वळले. "तर माणूस हा काही माकडाची कॉपी नव्हे. आणि माकड माणसाची नव्हे. दोघांचा मास्तर एक."

आरतीनं विद्यार्थ्यांना हे समजावताना कितीतरी आकृत्या काढल्या होत्या. इतकं सोपं तिला कधी जमलं नव्हतं.

पण गुरुजींचं समाधान इतक्यात होणारं नव्हतं. "दुसऱ्या कुठल्या प्राण्याचं मोडलंय का? तू फक्त सोयीचे दाखवतेस."

"गिनीपिगचं मोडलंय."

"मग तोही आपला भाऊबंद?"

तिनं गिनीपिगचं अख्खं जनुक शेजारी लावलं. या वेळी गुरुजींना जेवणाची हाक दोनदा मारावी लागली. शेवटी ते म्हणाले, "हा नापास झालाय खरा, पण याच्या मोडतोडीच्या जागा निराळ्या. हा आमच्या वर्गातला नाही."

जेवण झाल्यावर त्यांनी मुलीकडून आणखी अक्षरं मागून घेतली आणि चुका मोजायला लागले. माणूस आणि चिंपांझी यांच्यात फरक अगदी थोडे. ओरांगउटानशी त्याहून जास्त. माकडाशी सर्वांत जास्त.

"हे वाढत का गेलं?"

"जनुक चालू असतं तेव्हा चूक झाली की तो प्राणी आजारी पडतो, त्याची पिल्लं कमी जगतात, चूक मागे पडते. बंद पडलेल्या जनुकात काहीही बदललं तरी कुणाचं अडत नाही. चुका साठत जातात."

"तपासनीस गेला म्हण."

"आणि त्या साधारण एका चालीनं साठतात. म्हणून फरक जास्त, तर वेगळं होऊन काळही जास्त."

गुरुजींनी खडू शोधला आणि ओट्याच्या कोब्यावर रेघा काढायला लागले. माणसाची आणि चिंपांझीची रेघ लवकर जुळली. ती जोडी पुढे जाऊन ओरांगउटानच्या रेघेला मिळाली. माकडाची रेघ लांबून आली. लंकाबाई दळण घेऊन चालली होती, ती थांबली.

"गुरुजी, भाऊबंदकीचा नकाशा काढताय व्हय?"

"भाऊबंदकीचाच. ह्यात मी आहे, तुम्ही आहात, आणि हे माकड."

"आन वानर? आपल्या चिचंवरचं?"

गुरुजींनी खडू उचलून धरला. गावाच्या वेशीजवळ चिंचेच्या झाडांवर काळ्या तोंडाच्या वानरांची एक टोळी राहायची. पडद्यावरच्या ओळींत त्यांची ओळ नव्हती.

"त्याचं जनुक आहे का तुझ्याकडं?" त्यांनी आरतीला विचारलं.

"शोधलं तर कुठंतरी मिळेल. पण आपल्या गावच्या वानराचं कुणी वाचलेलं नाही. आमच्या कामात या तालुक्याचे नमुने घ्यायचेच आहेत, परवानगीही आहे."

"थांब." ते कोब्याकडे बघत राहिले. "मला आधी सांगू दे. वानर आणि लाल तोंडाचं माकड ही दोन्ही शेपटीवाली. समजा ती एकमेकांच्या जवळची आहेत. तर त्यांची रेघ आधी एकमेकांना मिळेल आणि मग आपल्याला. म्हणजे माणसापासून वानराचं अंतर आणि माणसापासून माकडाचं अंतर सारखं यायला पाहिजे. दोघांची वाट आपल्यापासून एकाच फाट्याला फुटली."

"यायला पाहिजे," आरती म्हणाली.

"बघूच मग."

लंकाबाईनं दळणाचा डबा दुसऱ्या कमरेवर घेतला. "आपलं काय जात न्हाई. मारुतीरायाच्या गनगोतात निघालो तर बरंच हाय की."

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक चिंचांखाली गेले. गुरुजींनी टोपी घातली होती, हातात काठी होती, पण ती टेकवत नव्हते. टोळी नुकतीच जागी होऊन पांगत होती. एक मादी फांदीच्या बेचक्यात बसून चिंचेची कोवळी पानं ओरबाडत होती. तिच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू मान वळवून या दोघांकडे बघत होतं.

"काय खाते बघ," गुरुजी हळूच म्हणाले. "पाला, कोवळी चिंच. सगळं आंबट."

आरतीनं हातमोजे घालून ताजी विष्ठा लहान नळ्यांत भरली. नळीत औषधी पाणी होतं, त्यात डीएनए टिकतो. गुरुजींनी प्रत्येक नळीचं झाकण स्वतः पुन्हा घट्ट करून पाहिलं.

रजा संपली. जाताना आरतीचा पाय निघत नव्हता. फ्रिज भाज्यांनी भरला, लंकाबाईला दहा सूचना दिल्या. गुरुजी म्हणाले, "माझी काळजी सोड. ते अक्षर बघ."

विष्ठेतला डीएनए तुकड्यातुकड्यांचा असतो. पहिल्या खेपेला काहीच वाचता आलं नाही. दुसऱ्या खेपेला चिंचेच्या पानांचाच डीएनए जास्त निघाला. गुरुजी रोज संध्याकाळी फोन करायचे. आता फोन त्यांचा यायचा. आधी निकाल विचारायचे, मग स्वतःच सांगायचे की आज मेथीची भाजी केली, जरा करपली. आज टोमॅटोची चटणी केली, ती जमली. आरतीला त्या आवाजात पूर्वीचा वर्गातला आवाज ऐकू यायचा.

तिसऱ्या खेपेला ओळ स्वच्छ आली. तिनं फोन केला, पण त्यांनी तिला बोलूच दिलं नाही.

"सांगू नकोस. मी येतो."

एका शनिवारी ते पुण्याला आले. इस्त्रीचं धोतर, टोपी, खिशाला पेन. आरतीनं त्यांना संगणकापुढे बसवलं. पडद्यावर रंगीत शिखरांची लाट होती, प्रत्येक शिखराखाली एक अक्षर. त्याखाली तिनं शेळीची, माणसाची आणि माकडाची ओळ लावून ठेवली होती. गुरुजींनी बोट ठेवलं आणि सावकाश पुढे सरकले. खोलीतली दोन-तीन मुलं कामं सोडून मागे येऊन उभी राहिली.

बोट थांबलं.

"नाही," गुरुजी म्हणाले. "इथं नाहीये. आपल्या चिंचेवरच्या वानरालाही ते अक्षर नाही."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. गुरुजींचं तिकडे लक्ष नव्हतं, ते मोजायला लागले होते. वानर आणि माकड यांच्यात फरक थोडे. माणूस आणि माकड. माणूस आणि वानर. त्यांनी दोन आकडे तळहातावर पेनानं लिहिले आणि भुवया उंचावल्या.

"जवळजवळ सारखे. पण तंतोतंत का नाहीत?"

"चुका घड्याळासारख्या टिकटिक होत नाहीत, आबा. फाशासारख्या पडतात. एखाद्या वाटेवर एखादं दान जास्त पडतं. मोठा तुकडा घेतला तर दोन्ही आकडे आणखी जवळ येतील."

"मग मोठा तुकडा घ्यायला हवा."

"घेणार आहोत."

दुपारी दोघं जेवायला कँटीनमध्ये गेले. ताटात कोबीची भाजी होती, कांदा-काकडी होती. गुरुजींनी सगळं संपवलं. मग पाण्याचा पेला हातात धरून ते म्हणाले, "ही चूक कुणातरी एकात पहिल्यांदा झाली असणार. तो किंवा ती. किती वर्षं झाली म्हणतेस?"

"सहा कोटींच्या आसपास. नक्की कुणी सांगू शकत नाही."

"ती आजारी पडली असेल का? हिरड्यांतून रक्त, पायावर डाग?"

"नाही. झाडावर राहणारा लहानसा प्राणी. भोवती फळं, कोवळी पानं. रोजच्या खाण्यातच सगळं मिळत होतं. काही हरवलंय हे तिला कळलंसुद्धा नसेल. तिच्या पोरांनाही नाही. फळं खाऊन सगळी धडधाकट वाढली, आणि चूक पुढे जात राहिली."

गुरुजी पेल्यातलं पाणी हलवत बसले. बाहेर मोटारसायकली ये-जा करत होत्या.

"माझंही तसंच," ते म्हणाले. "तुझी आई ताटात लिंबाची फोड ठेवायची. मी ती कधी मागितली नाही. कधी बघितलीही नाही. पिळायचो आणि जेवायचो."

आरतीनं त्यांच्या हातावर हात ठेवला. कोपराजवळचा डाग आता पार पुसला गेला होता. मग गुरुजींनी पेला बाजूला ठेवला.

"बरं, मला एक सांग. आमच्या या सगळ्या वर्गात, शेपटीवाले, बिनशेपटीवाले, कुणाजवळ ते अक्षर अजून शाबूत आहे का?"

"आहे. लेमूरजवळ आहे, पण ते मादागास्करला. आणि लोरिसजवळ. मोठ्या डोळ्यांचा असतो, मांजराच्या पिल्लाएवढा. आपल्यापासून आणखी मागे वेगळा झाला, अक्षर गळायच्या आधी. तो क जीवनसत्त्व स्वतः बनवतो."

"भारतात आहे?"

"दक्षिणेत. कर्नाटक, तमिळनाडू. आमची एक मैत्रीण त्यांच्यावरच काम करते."

"तिथं रेल्वे जाते?"

"जवळपर्यंत जाते. मग बस."

गुरुजींनी तळहात उलटा करून त्यावरचे आकडे पुन्हा वाचले, पुसले गेले नाहीत ना पाहिलं, आणि खिशातलं पेन काढून टोपण उघडलं.

"स्टेशनचं नाव सांग," ते म्हणाले, "आणि तुझी पुढची सुट्टी."